रक्तपरीक्षेच्या सेंट्रिफ्यूज यंत्राचे बिघाड : ओळख व उपाय

टावर चौकातून फ्रीगंजच्या कोणत्याही बाजूस वळले, तरी एखाद्या दवाखान्याची किंवा रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची पाटी दृष्टीस पडतेच. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांचा या संस्थांशी संबंध येतो. कोणी रुग्णाचे आप्त म्हणून तेथे जातात, कोणी धर्मादाय दवाखान्याच्या व्यवस्थापक मंडळावर असतात, तर कोणी एखादे यंत्र घेण्यासाठी देणगी देतात. अशी प्रयोगशाळा पाहुण्यांस दाखविताना सूक्ष्मदर्शक दाखवितात, पडद्यावर आकडे उमटविणारी नवी यंत्रे दाखवितात; परंतु कोपऱ्यातील मेजावर झाकण लावून ठेवलेल्या एका यंत्राकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याचे नाव सेंट्रिफ्यूज. मराठी ग्रंथांतून त्यास केंद्रोत्सारक यंत्र असे म्हटलेले आढळते. हे यंत्र बिघडले, की पुढची सारी मौल्यवान यंत्रे एक तर स्वस्थ बसतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे आकडे देऊ लागतात.

आम्ही घाऊक धान्याचे व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रविद्येत आमचा अधिकार नाही. परंतु एका धर्मादाय प्रयोगशाळेच्या कारभारात काही वर्षे लक्ष घालावे लागल्यामुळे या यंत्राची दुखणी जवळून पाहावयास मिळाली. आणि ज्याने आयुष्यभर तराजू हाताळला त्यास या यंत्राचा स्वभाव समजणे कठीण नाही, अशी आमची खात्री झाली. तीच माहिती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

यंत्राचे काम

खळ्यावर धान्य उफणताना भूस दूर जाते आणि दाणा पायाशी पडतो. गढूळ पाणी घागरीत भरून ठेवले, तर गाळ कालांतराने तळाशी बसतो. जड आणि हलके यांस वेगळे करण्याचेच काम सेंट्रिफ्यूज करते. मात्र पृथ्वीच्या ओढीवर विसंबून तासन् तास वाट पाहण्याऐवजी ते नळ्या वेगाने गरगर फिरवून ती ओढ शेकडो पटींनी वाढविते. गोठलेल्या रक्ताची नळी दहा मिनिटे फिरविली, म्हणजे तांबड्या पेशींचा गठ्ठा तळाशी दाबला जातो आणि वर पिवळसर, स्वच्छ रक्तरस उरतो. यूरिया, कोलेस्टेरॉल, पोटॅशियम अशा अनेक तपासण्या या रक्तरसावर होतात.

हीच युक्ती अन्यत्रही कामास येते. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८७८ च्या सुमारास दुधातून साय अखंड वेगळी करणारे यंत्र सिद्ध केले, ते याच तत्त्वावर. दुधाची स्निग्धता मोजण्याच्या गर्बर पद्धतीत नळ्या अशाच फिरवितात. आपल्या गव्हाच्या व्यवहारातही ती आली आहे. पिठातील चिकाची प्रत ठरविणाऱ्या ‘ग्लुटेन इंडेक्स’ परीक्षेत ओला चीक बारीक चाळणीवर ठेवून मिनिटास ६,००० फेऱ्यांनी एक मिनिट फिरवितात. जो चाळणीतून पार जात नाही तो बळकट चीक. स्वीडनचेच थेओडोर स्वेडबर्ग यांनी अतिवेगवान सेंट्रिफ्यूज तयार केला. १९२६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले.

वेगळे करण्याचे हे काम किती मोलाचे आहे, याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली जगापुढे आणलेला रक्तगट आज ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ या नावाने ओळखला जातो. या गटाच्या माणसाच्या तांबड्या पेशी नेहमीच्या परीक्षेत ‘ओ’ गटाच्या भासतात. परंतु त्याचा रक्तरस ‘ओ’ गटाच्या रक्तासही मानत नाही. केवळ पेशी पाहून रक्त दिले, तर रुग्णाच्या जिवावर बेतेल. पेशी आणि रक्तरस निराळे करून दोन्हींची परीक्षा घ्यावयाची, तेव्हाच हे गुपित उघड होते.

बळाचा हिशेब

बिघाड समजण्यापूर्वी एक हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. मध्यापासून १५ सेंटिमीटरवर असलेली नळी मिनिटास ३,००० फेऱ्यांनी फिरविली, तर तिच्यावरील ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे १,५०० पट होते. म्हणजे समोरासमोरच्या दोन नळ्यांत अवघ्या एका ग्रॅमचा फरक असला, तरी चालू यंत्राच्या दांड्यास तो दीड किलोचा भासतो, आणि ही ओढ सेकंदास पन्नास वेळा दिशा बदलीत दांड्यास हिसके देते. दुकानात आपण तराजूचा पासंग पाहतो. येथे पासंग पंधराशे पट होऊन बसतो.

हिशेबाची दुसरी बाजू अशी, की वेग निम्मा झाला तर बळ निम्मे होत नाही, पाव होते. कारण बळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ३,००० ऐवजी १,८०० फेरे झाले, तर वेगात चाळीस टक्के तूट दिसेल, पण बळात चौसष्ट टक्के तूट येईल. व्यापाऱ्यास हे निराळे समजावून सांगावयास नको.

या तुटीचा परिणाम काय होतो, हे आमच्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांच्या बाबतीत दिसून आले. शहरातील एका प्रयोगशाळेत त्यांच्या रक्तातील पोटॅशियम लिटरमागे ६.४ एकक निघाले. निरोगी माणसात ते साधारणतः ३.५ ते ५ असते, आणि फार वाढले तर हृदयाच्या गतीस धोका संभवतो. घरात एकच धावपळ उडाली. त्यांस रात्रीच इंदूरला नेण्याची तयारी झाली. सुदैवाने डॉक्टर सावध होते. हृदयाचा आलेख निर्दोष निघाल्यामुळे त्यांस शंका आली व त्यांनी ताजे रक्त घेऊन पुन्हा तपासविले. या खेपेस आकडा ४.३ आला. पुढे चौकशीत असे आढळले, की पहिल्या ठिकाणच्या सेंट्रिफ्यूजची खूण ३,००० वर होती, पण प्रत्यक्षात फेरे १,८०० च्या आसपासच होत होते. पेशींचा थर घट्ट बसला नाही. रक्तरस काढताना काही पेशी त्यात आल्या व दुपारभर त्यातच राहिल्या. पेशींच्या आत पोटॅशियम रक्तरसाच्या वीस पटींहूनही अधिक असते. ते बाहेर झिरपले आणि निरोगी माणूस कागदावर आजारी ठरला.

टावरवरील घड्याळ पाच मिनिटे मागे पडले, तर चौकातील दहा माणसे ते बोलून दाखवितात. या यंत्राचा वेग मागे पडला, तर कोणासही दिसत नाही. म्हणून त्याची लक्षणे ओळखावयास शिकले पाहिजे.

बिघाडाची लक्षणे व उपाय

यंत्रास हात लावण्यापूर्वी एक नियम पाळावा. बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग भिंतीतून काढावा आणि फिरते चक्र पूर्ण थांबल्याची खात्री करून घ्यावी.

पहिले लक्षण : यंत्र सुरूच होत नाही. अशा वेळी मोटार जळाली असे समजून घाबरू नये. प्रथम त्याच प्लगवर दिवा लावून वीज येते की नाही ते पाहावे. नंतर फ्यूज पाहावा. तो गेला असल्यास तितक्याच क्षमतेचा बसवावा, तार गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. नवा फ्यूजही लगेच गेला, तर दोष आत आहे असे समजून यंत्र कारागिराकडे द्यावे. पुष्कळ यंत्रांत झाकण नीट बसल्याशिवाय वीज पुढे जात नाही; झाकणाच्या कडीत धूळ किंवा काचेचा कण अडकला असला, तरी यंत्र मुके राहते. काही जुन्या यंत्रांत वेगाची खुंटी शून्यावर आणल्याखेरीज प्रारंभ होत नाही. वेळेची खुंटी शून्यावर राहिली असणे हेही नेहमीचे कारण आहे. या सर्व गोष्टी पाहण्यास पाच मिनिटे लागतात, आणि पुष्कळदा दोष येथेच सापडतो.

दुसरे लक्षण : यंत्र थरथरते किंवा खडखडते. येथे पासंग आठवावा. यंत्र ताबडतोब बंद करावे, आणि नळ्या समोरासमोर, सारख्या वजनाच्या आहेत की नाहीत ते पाहावे. केवळ पातळी सारखी दिसणे पुरेसे नाही. पाच मिलिलिटर रक्ताचे वजन सुमारे ५.३ ग्रॅम, तर तितक्याच पाण्याचे ५ ग्रॅम. रक्ताच्या समोर पाण्याची नळी ठेवली, तर ०.३ ग्रॅमचा फरक पडतो व तो पंधराशे पटींनी जवळजवळ अर्ध्या किलोचा होतो. लहान यंत्र हे सोसते, पण रोज सोसता सोसता त्याचे बेअरिंग झिजते. म्हणून जोडीच्या नळ्या लहान काट्यावर तोलून घ्याव्या. त्यानंतर नळ्या धरणाऱ्या बकेटा आपापल्या खिळींवर मोकळ्या झुलतात की नाही हे पाहावे. एक जरी अडकली तरी तोल जातो. बकेटाच्या तळाची रबरी गादी एकीत असून दुसरीत नसणे, हेही थरथरीचे कारण असते. शेवटी यंत्राखालचे मेज पाणसळ लावून पाहावे आणि चारही रबरी पाय टेकले आहेत याची खात्री करावी. इतके करून, रिकामे यंत्र फिरविले तरी थरथर राहिली, तर बेअरिंग झिजले आहे किंवा दांडा वाकला आहे. ते काम जाणत्या कारागिराचेच.

तिसरे लक्षण : वेग कमी पडतो किंवा वरखाली होतो. प्रथम विजेचा दाब पाहावा. आपल्याकडे तो २३० व्होल्ट असावयास हवा, पण उन्हाळ्यात सायंकाळी तो पुष्कळ ठिकाणी उतरतो. दाब ठीक असल्यास जुन्या पद्धतीच्या मोटारीतील कार्बन ब्रश पाहावे. हे दोन लहान काळे ठोकळे फिरत्या भागास वीज पोहोचवितात व खडूप्रमाणे झिजत जातात. मोटारीच्या दोन बाजूंस असलेली टोपणे उघडली, की ते स्प्रिंगसह बाहेर येतात. ब्रश मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतके उरले, चिरले किंवा तिरपे झिजले, तर दोन्ही एकदम बदलावे. एक जुना व एक नवा अशी जोडी लावू नये. नवे ब्रश त्याच मापाचे असावे, आणि ते बसविल्यावर यंत्र काही वेळ रिकामे, मंद गतीने चालवावे, म्हणजे त्यांचे तोंड नीट बसते. ब्रश नसलेल्या मोटारीची नवी यंत्रे आता सर्वत्र मिळतात. त्यांच्या पडद्यावर दोषाचा संकेतांक उमटतो, त्याचा अर्थ यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. म्हणून ती पुस्तिका कपाटात कुलूपबंद न ठेवता यंत्राजवळच ठेवावी.

चौथे लक्षण : ठिणग्या, जळका वास किंवा अति उष्णता. ठिणग्यांचे मूळ बहुधा ब्रशात किंवा ते ज्या तांब्याच्या कड्यावर घासतात त्या कड्यावरील काजळीत असते. उष्णतेचे कारण पुष्कळदा साधे असते : यंत्र भिंतीस चिकटून ठेवलेले, हवेची जाळी धुळीने बुजलेली, आणि विसावा न देता एकामागून एक फेरी चालू. माळव्यातील वैशाखाची धूळ आपणांस नवी नाही. दर पंधरा दिवसांनी जाळी साफ केली पाहिजे. परंतु जळका वास आला, तर यंत्र पुन्हा चालवून पाहण्याचा मोह टाळावा.

पाचवे लक्षण : नळ्या फुटतात. रबरी गादी जीर्ण झालेली असणे, बकेटाच्या मापाची नळी नसणे, पूर्वी फुटलेल्या नळीचा काचकण तळाशी राहणे, आणि नळीस सोसवेल त्याहून अधिक वेग देणे, ही त्याची मुख्य कारणे आहेत. रक्ताची नळी आत फुटली, तर यंत्र बंद करून झाकण अर्धा तास उघडू नये. रक्ताचे सूक्ष्म तुषार आतील हवेत असतात, ते खाली बसू द्यावे. नंतर जाड हातमोजे घालून काच चिमट्याने वेचावी व आतील भाग जंतुनाशकाने पुसावा. येथे ब्लीचिंगचे पाणी वापरण्याची चाल आहे, ती धातूस घातक आहे. अॅल्युमिनियमच्या चक्रास त्याने बारीक खड्डे पडतात.

सहावे लक्षण : झाकण उघडत नाही. वीज गेल्यास पुष्कळ यंत्रांची झाकणे बंदच राहतात. हा बिघाड नव्हे, ती सुरक्षितता आहे. चक्र थांबेपर्यंत वाट पाहावी व मगच पुस्तिकेत दाखविलेल्या कळीने झाकण सोडवावे. फिरते चक्र हाताने थांबविण्याची सवय काही ठिकाणी दिसते. त्यात बोटांचा घात तर आहेच, शिवाय एकदम थांबविल्याने बसलेला थर पुन्हा ढवळला जातो आणि सारी मेहनत वाया जाते.

जे दुरुस्त करू नये

व्यापारात काटकसर हा गुण आहे. पण दोन गोष्टींत ती दोष ठरते.

एक म्हणजे झाकणाची कडी. ती बिघडली असता तार जोडून यंत्र झाकण उघडे असतानाही चालेल अशी ‘सोय’ करून देणारे कारागीर भेटतात. ही सोय कोणीही मान्य करू नये. साडीचा पदर, ओढणी, बांगडी किंवा केस त्या वेगात सापडले, तर हात काढून घेण्यासही अवधी मिळत नाही.

दुसरी गोष्ट फिरत्या चक्राची. त्यास चीर गेली किंवा खोल खड्डे पडले, तर ते डाग देऊन, घासून वा वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १६ डिसेंबर १९९८ रोजी अतिवेगवान सेंट्रिफ्यूजचे अॅल्युमिनियमचे चक्र चालू असतानाच फुटले. तेच चक्र त्याच कामासाठी पूर्वी अनेकदा वापरलेले होते. यंत्राचा चक्काचूर झाला आणि खोलीच्या खिडक्यांची तावदाने उडाली. आपल्या दवाखान्यातील यंत्राचा वेग त्यामानाने फार थोडा, म्हणून इतका अनर्थ होणार नाही; पण धातूची जात तीच आहे. काल चालले म्हणून आज चालेल, हा हुंडीच्या व्यवहारात न चालणारा न्याय येथेही चालत नाही. चिरलेले चक्र मोडीत द्यावे, आणि ते कोणी पुन्हा वापरणार नाही अशा रीतीने निकामी करून द्यावे.

स्वस्तात काम होत नाही असे मात्र नव्हे. मूळचे भारतातील मनु प्रकाश व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली कागदाचा सेंट्रिफ्यूज जगापुढे मांडला. लहान मुले दोऱ्यात गुंडी ओवून, दोरा ओढून-सोडून जी भिंगरी फिरवितात, तिचेच हे रूप. वजन दोन ग्रॅम, खर्च वीस अमेरिकी सेंट, आणि वेग मिनिटास १,२५,००० फेऱ्यांपर्यंत. वीज नसलेल्या खेड्यात दीड मिनिटात रक्तातील पातळ भाग वेगळा करता येईल, असे त्यांनी दाखवून दिले. त्याची रचनाच मुळात स्वस्त होती. महाग यंत्राची निगा सोडून देऊन साधलेली स्वस्ताई ही निराळी वस्तू आहे.

विश्वस्तांचे कर्तव्य

आपल्या दुकानातील काट्यास वजनमापे खात्याकडून ठराविक मुदतीत शिक्का मारून घ्यावा लागतो. चिमणगंज मंडीत बिनशिक्क्याच्या काट्यावर कोणी शेतकरी आपले सोयाबीन तोलू देणार नाही. रुग्ण मात्र यंत्राचा शिक्का विचारीत नाही. तो कागदावरील आकड्यावर विश्वास ठेवतो. ज्या प्रयोगशाळांनी गुणवत्तेची राष्ट्रीय मान्यता घेतली आहे, त्यांस वेग तपासल्याची नोंद ठेवावीच लागते. इतर ठिकाणी ती जबाबदारी चालकांच्या व विश्वस्तांच्या विवेकावर असते.

आमच्या अनुभवात यंत्रासाठी देणगी मिळणे अवघड नाही. देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, समारंभ होतो. परंतु पुढे ब्रशच्या जोडीसाठी, रबरी गाद्यांसाठी, वर्षातून एकदा येणाऱ्या कारागिराच्या मेहनतान्यासाठी पैसा मागावयास गेले, की चेहरे बदलतात. ज्या कारणाने आमच्या नातलगांच्या घरी त्या रात्री दिवे विझले नाहीत, ते कारण ब्रशच्या एका जोडीएवढेच होते.

म्हणून सभासदांस आमची विनंती आहे, की अशा यंत्रासाठी देणगी देताना तिचा काही भाग निगेसाठी राखून ठेवावा व तसे देणगीपत्रात लिहावे. आणि जे कोणी एखाद्या दवाखान्याच्या मंडळावर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत तंत्रज्ञास सौजन्याने चार प्रश्न विचारावे : यंत्राचे फेरे टॅकोमीटर लावून शेवटचे केव्हा मोजले? ब्रश केव्हा बदलले? चक्र व बकेटा धुऊन, पुसून, चीर पाहून केव्हा ठेवल्या? आणि जोडीच्या नळ्या तोलण्यास लहान काटा आहे की नाही? उत्तरे एका वहीत तारखेसह लिहून घ्यावी, व दर तीन महिन्यांनी ती वही पुन्हा उघडावी. काटा नसेल, तर तो त्याच दिवशी घेऊन द्यावा.